व्हीआरमध्ये कशाला हात लावता येतो हे युजरला न सांगता कसं कळवायचं

आधी खणाची गोष्ट सांगतो, कारण हा विषय मी मनावर घेतला तो तिच्यामुळेच.

आम्ही व्हीआरमध्ये, म्हणजे हेडसेट घालून शिरायच्या आभासी जगात, ट्रेनिंगचं एक अ‍ॅप करत होतो. सुरुवातीला एक टेबल, टेबलाला तीन खण, मधल्या खणात किल्ली, ती घ्यायची आणि पुढच्या खोलीत जायचं, इतकं सोपं. टेस्टिंगला एक बाई आल्या, हेडसेट आयुष्यात पहिल्यांदा लावत होत्या, टेबलापाशी गेल्या, मधल्या खणाच्या मुठीवर बरोब्बर हात नेला आणि हातातल्या कंट्रोलरचा ट्रिगर, म्हणजे तर्जनीखालचं बटण, दाबला. काही झालं नाही, कारण पकडायचं काम आम्ही ग्रिपच्या बटणावर ठेवलं होतं, मधल्या बोटाखाली असतं ते. परत दाबला. तिसऱ्यांदा जरा जोर लावून दाबला, रिमोट चालेनासा झाला की आपण दाबतो तसा. मग "हं, हे नुसतं दाखवायचं आहे वाटतं" असं म्हणाल्या आणि मागे फिरल्या. त्यानंतर दहा-एक मिनिटं त्या खोलीत होत्या, पण एकाही वस्तूला त्यांनी परत हात लावला नाही.

खण उघडला नाही याचं मला इतकं काही वाटलं नाही, पण त्यांनी बरोबर जागी बरोबर हेतूने हात नेला होता आणि आमच्या खोलीने त्यांना "अगं हो, कळलं मला, पण असं नको तसं कर" एवढंसुद्धा कळवलं नाही, ते लागलं. तेव्हापासून मी एकच गोष्ट बघतो: युजरच्या हाताने काहीही करून बघितलं तर समोरून काहीतरी उत्तर येतंय का, आणि चुकीचं करून बघितलं तर जास्तच येतंय का. खाली जे लिहिलंय ते सगळं याच्याच भोवती फिरतं, तेव्हा पाट्या कुठे लावायच्या हे शोधत आला असाल तर थोडी निराशा होईल.

आधी स्वतःच्या सीनमध्ये चक्कर मारा

फोनवर माणसाला काय करायचं ते माहीत असतं, टॅप करायचं, सरकवायचं, फार तर दाबून धरायचं, झालं. व्हीआरमध्ये येताना मात्र तो अख्ख्या आयुष्याच्या सवयी घेऊन येतो. दार दिसलं की ढकलणार, दोरी लोंबताना दिसली की ओढणार, कप दिसला की उचलून आत डोकावणार आणि मग बहुतेक जण तो फेकून बघणार (वय कितीही असो, फेकायला सगळ्यांना आवडतं, हे लिहून ठेवा). वस्तू बघितल्याबरोबर तिच्याशी काय करता येईल हे आपल्याला जे दिसतं त्याला जेम्स गिब्सन या मानसशास्त्रज्ञाने अफॉर्डन्स असं नाव दिलं, आणि १९८८ मध्ये डॉन नॉर्मनने तो शब्द डिझाइनवाल्यांच्या तोंडी बसवला. पुढे लोक तो शब्द इतका कसाही वापरायला लागले की नॉर्मनला सिग्निफायर असा दुसरा शब्द आणावा लागला, म्हणजे करता काय येतं ते वेगळं आणि ते करता येतं हे सांगणारी खूण वेगळी. आमच्या खणाला दोन्ही होतं. मूठ होती, मूठ दिसतही होती. गाडी अडली ती त्याच्या पुढे.

तर पहिलं काम असं करा. हेडसेट घाला, युजर जिथून सुरू करणार तिथे उभे राहा आणि दिसेल त्या प्रत्येक वस्तूबद्दल तोंडाने बोला, "हिला हात लावला तर मला काय करावंसं वाटेल", आणि कोणाला तरी ते लिहून घ्यायला सांगा. डेस्कटॉपवर एडिटरमध्ये बसून ही यादी करू नका, तिथे तुम्हाला फाइलींची नावं दिसतात, वस्तू दिसत नाहीत. यादी झाली की प्रत्येक वस्तूचं काहीतरी एक ठरवा: ती चालती करायची, किंवा ती चालत नाही हे बघताक्षणी कळेल असं करायचं, किंवा सरळ काढून टाकायची. तिसरा पर्याय लोक सर्वात कमी वापरतात आणि मला तोच सर्वात जास्त आवडतो. आर्टिस्टने मन लावून केलेलं स्टेपलर काढून टाकायचं जिवावर येतं, मान्य, पण टेबलावरचं ते न उचललं जाणारं स्टेपलर युजरला शिकवतं की इथल्या वस्तू खोट्या आहेत, आणि एकदा हे डोक्यात बसलं की तुमची किल्लीसुद्धा खोटीच ठरते.

चालत नाही हे दाखवायचे सोपे मार्ग खूप आहेत. जे दार उघडणारच नाही त्याचा हँडल काढा, नाहीतर त्याच्यापुढे कपाट आणून ठेवा. शेल्फवरच्या पुस्तकांचा एक सलग गठ्ठा करा, मध्ये फट ठेवू नका, कारण फट दिसली की बोट जातंच. शोभेच्या वस्तू काचेच्या मागे टाका, काचेला हात लागला की टक् असा आवाज द्या. चालत्या आणि न चालत्या वस्तूंच्या रंगात, कडांमध्ये थोडा पण कायम एकसारखा फरक ठेवा, म्हणजे पहिल्या दोन-तीन वस्तूंनंतर डोळा आपोआप शिकतो. कायम हा शब्द महत्त्वाचा. पहिल्या खोलीत पिवळी कड म्हणजे उचलता येतं आणि तिसऱ्या खोलीत पिवळी कड म्हणजे धोका, असं मी खरोखर पाहिलंय, आणि तो प्रोजेक्ट माझाच होता.

पहिल्या मिनिटात हातात काय दिसतं

नवीन माणसाला कंट्रोलर दिसत नसतो हे आपण विसरतो. आपल्या बोटांना बटणं पाठ असतात, त्याला हेडसेट घालायच्या आधी कोणीतरी दोन सेकंद कंट्रोलर दाखवलेला असतो आणि त्यातलं काही लक्षात राहिलेलं नसतं. आणि आपण काय करतो, तर पहिल्या क्षणापासून त्याला सुंदर गुळगुळीत हात दाखवतो, ज्याच्यावर एकही बटण नाही. मग ट्युटोरियल म्हणतं "ग्रिप दाबा". कुठली ग्रिप?

म्हणून सुरुवातीला हाताऐवजी कंट्रोलरचंच मॉडेल दाखवा, अगदी त्याच्या हातात आहे तेच मॉडेल, दुसऱ्याच कंपनीचं नको. जे बटण आत्ता लागणार आहे तेवढंच उजळा, त्यातून एक बारीक रेघ काढून शेवटी दोन शब्द लिहा, "पकडायला हे". स्टीमव्हीआर या व्हीआर प्लॅटफॉर्मच्या युनिटी (अ‍ॅप आणि गेम बनवायचं सॉफ्टवेअर) प्लगइनमध्ये असे बटणावरचे इशारे तयार मिळतात, दुसरीकडे स्वतः करायचे म्हटले तरी दिवसभराचंही काम नाही. मेटाच्या क्वेस्ट हेडसेटबरोबर येणाऱ्या टच कंट्रोलरसारख्या काही कंट्रोलरांमध्ये ट्रिगरवर तर्जनी नुसती टेकली तरी कळतं, दाबायची गरज नसते, त्याचा फायदा घ्या: बोट टेकलं की मॉडेलवरचं ते बटण रंग बदलू दे. माणूस मग स्वतःच बोटं चाचपून बघतो कुठे काय आहे, आणि एकदा ते झालं की पहिली वस्तू पकडल्यावर कंट्रोलर विरघळवून हात दाखवा. बऱ्याच जणांना हा बदल लक्षातसुद्धा येत नाही, मला तर ते कौतुकच वाटतं.

आणि शक्य असेल तिथे पकडायला ट्रिगर आणि ग्रिप दोन्ही चालू द्या. प्रोग्रामरला हे घाण वाटतं, "मग ट्रिगरचं वेगळं काम कुठे ठेवू" असं तो विचारेल, तर उत्तर असं की हात रिकामा असताना दोन्ही बटणं पकडण्यासाठी, आणि हातात वस्तू आल्यावर ट्रिगर त्या वस्तूच्या कामासाठी. यात एक भानगड आहे, ज्याने ट्रिगरने उचललंय त्याने ट्रिगर सोडला की वस्तू पडणार का? आम्ही असं ठेवलं की ज्या बटणाने उचललं त्याच बटणाने ती धरलेली राहते, आणि दुसरं बटण कामाचं. उलटसुलट वाटतं ऐकायला, पण वापरताना एकानेही तक्रार केली नाही.

जवळ येताना, टेकताना, पकडताना

उत्तर एकदम द्यायचं नसतं, हात जसजसा जवळ येतो तसतसं वाढवत न्यायचं. लांबून वस्तू फक्त उठून दिसली पाहिजे, म्हणजे प्रकाश तिच्यावर पडतोय, मागचा भाग जरा अंधारा आहे, बस. हात साधारण वीतभर अंतरावर आला की कड हलकी उजळू दे, आणि ती हळूहळू उजळू दे, अंतर कमी होईल तशी, दिवा लागल्यासारखी फटकन नको. स्पर्श झाला की कंट्रोलरचा एक छोटासा थरथराट, सेकंदाच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढा, आणि बारीक आवाज. पकडली की जास्त जोराचा थरथराट, वेगळा आवाज, आणि बोटं त्या वस्तूला शोभतील अशी वळली पाहिजेत. युनिटीच्या एक्सआर इंटरॅक्शन टूलकिटमध्ये होव्हर (हात जवळ आला), सिलेक्ट (पकडली), अ‍ॅक्टिव्हेट (वापरली) अशा अवस्था आधीच वेगळ्या काढलेल्या असतात, प्रत्येकीला आवाज, रंग आणि हॅप्टिक, म्हणजे थरथराट, जोडता येतं, तेव्हा हे न करण्याला खरं तर सबब नाही.

बोटं वळवायचं काम जड वाटत असेल तर त्यालाही पळवाट आहे. जॉब सिम्युलेटर हा व्हीआर गेम करणाऱ्या आउलकेमी लॅब्सने वस्तू पकडली की हात चक्क गायब करून टाकला, हाताच्या जागी फक्त वस्तू दिसते, आणि खेळणाऱ्यांपैकी बहुतेकांना हात गेल्याचं कळतच नाही. याला ते टोमॅटो प्रेझेन्स म्हणतात.

हायलाइटच्या बाबतीत एक चूक सगळे करतात, मीही केली. घाबरून सगळ्याच वस्तूंना सारखी लुकलुकणारी कड लावायची. खोली मग दुकानाच्या पाटीसारखी दिसते आणि माणूस काहीच शोधत नाही, नुसता चमकणाऱ्या गोष्टी एकामागून एक दाबत सुटतो, काम संपतं पण त्याला विचारलं काय केलं तर सांगता येत नाही. ट्रेनिंगमध्ये तर हे फारच वाईट, कारण खऱ्या मशीनवर कड चमकत नसते.

चुकीच्या प्रयत्नाचं उत्तर, एक उदाहरण जवळून

फायर एक्स्टिंग्विशर घ्या. खऱ्या वस्तूचं काम असं: उचलायचा, पिन ओढून काढायची, नोझल आगीच्या बुडाशी धरायचं, हँडल दाबायचं आणि या बाजूपासून त्या बाजूपर्यंत फिरवायचं. व्हीआरमध्ये यात दोन्ही हात लागतात, पकडायचं बटण लागतं, दाबायचं बटण लागतं आणि एक लहानशी पिन दिसावी लागते, म्हणजे अवघडच प्रकार.

आमच्या पहिल्या व्हर्जनमध्ये सिलिंडर उचलला की समोर पाटी यायची: "दुसऱ्या हाताने पिन ओढा." लोक पाटी वाचायचे, मान हलवायचे, आणि थेट हँडल दाबायचे. काही व्हायचं नाही. मग परत पाटी वाचायचे. पाटीत पिन हा शब्द होता पण पिन कुठे आहे ते माहीत नव्हतं, आणि वाचताना डोळे पाटीवर असतात, हातातल्या वस्तूवर नसतात, हे आमच्या लक्षात यायला फार वेळ गेला.

मग पाटी काढून टाकली आणि विचार केला की खऱ्या सिलिंडरची पिन न काढता हँडल दाबला तर काय होतं. तो जरासा हलतो आणि पिनेवर अडतो. तेच केलं. पिन आत असताना ट्रिगर दाबला की हँडल अगदी थोडा खाली जातो, धातूवर धातू आपटल्याचा टिक असा आवाज होतो, कंट्रोलर बोथटसा थरथरतो, आणि पिनेची कडी लटकन हलते. एवढंच. आवाज आला की माणूस हातातल्या वस्तूकडे बघतो, बघितलं की हलणारी कडी दिसते, कडी दिसली की दुसरा हात आपोआप तिकडे जातो. दोन-तीनदा टिक टिक करून बघतात काही जण, काहींना मजा वाटते म्हणून, पण पोचतात. दुसरा हात जवळ आला की कडी उजळते, पकडून बाहेर ओढली की मोठा स्पष्ट आवाज. आणि एक गंमत, हँडल दाबून धरलेला असताना खरी पिन निघत नाही, अडकते, ते आम्ही तसंच ठेवलं: ट्रिगर दाबलेला असेल तर पिन अर्धवट येऊन अडते आणि हँडल तणावाने थरथरतो. ज्याला हे आत कळलं त्याला खऱ्या आगीसमोर कळायची शक्यता तरी आहे.

आता हेच खणाला लावून बघा. ग्रिपऐवजी ट्रिगर दाबला तर? मुठीला हात लागलाय, बटण चुकीचं आहे, तरी खण थोडा खडखडला पाहिजे आणि हाताजवळच्या कंट्रोलरवर बरोबर बटण उजळलं पाहिजे. कुलूप असेल तर? खण बोटभर पुढे येऊन खट्ट करून थांबला पाहिजे, नुसता गप्प बसता कामा नये. हात मुठीपासून चार बोटं लांब असताना पकडायचा प्रयत्न झाला तर? हातच मुठीवर ओढून घ्या आणि उघडू द्या, इतकी चूक माफ करायला काय जातंय. गप्प राहणं हे एकच उत्तर बाद.

इशारा किती वेळाने

लगेच नको आणि फार उशिराही नको. बहुतेक अ‍ॅप नुसता वेळ मोजतात, पंधरा सेकंद झाले, दाखव बाण. पण माणूस पंधरा सेकंद छताकडे बघत मजेत उभा असेल तर बाण त्याला टोचतो, आणि दुसरा चार सेकंदांत तीनदा चुकीचं बटण दाबून वैतागलेला असेल तर त्याला मदत हवी आहे आत्ता. म्हणून वेळेपेक्षा फसलेले प्रयत्न मोजा. मोजायला सोपं आहे: हात कुठल्याही पकडता येणाऱ्या वस्तूच्या जवळ आहे, बटण दाबलं गेलं, पण काही पकडलं गेलं नाही, तर एक फसलेला प्रयत्न. एकावर वस्तूने स्वतः उत्तर द्यावं, वर सांगितलं तसं. दोनवर बटणाची खूण हातावर यावी. तीनवर एक धूसर हात प्रकट व्हावा, त्याने ती कृती एकदा सावकाश करून दाखवावी आणि विरून जावं. त्यानंतरही जमलं नाही तर बोलून सांगा, लाज नको.

काहीच प्रयत्न न करता उभ्या असलेल्या माणसासाठी वेळ ठेवा, पण तिथेही आधी वस्तू जराशी हलवा, फोन वाजवा, झाकण खडखडवा. धूसर हाताबद्दल एकच: तो युजरच्या बाजूनेच आला पाहिजे, त्याच्या खांद्यामागून आल्यासारखा. समोरून आला तर डावं-उजवं उलटं होतं आणि लोक आरशात बघितल्यासारखं करतात. आणि युजर डावखुरा असेल तर धूसर हातही डावाच हवा, कोणत्या हाताने पहिली वस्तू उचलली ते बघून ठरवता येतं.

जे दिसतच नाही ते

आपल्याला दोन्ही डोळ्यांनी आडवं जवळपास २०० अंश दिसतं, बाजारातल्या नेहमीच्या हेडसेटमध्ये साधारण ९० ते ११० अंश. म्हणजे कोपऱ्यातून दिसणारी हालचाल, जिच्यामुळे एरवी आपण वळून बघतो, ती इथे बऱ्यापैकी कापली गेलेली असते. तुम्ही डाव्या हाताला मोठ्या प्रेमाने ठेवलेला लिव्हर युजरच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. सुरुवातीच्या गोष्टी समोर, मान दोन्ही बाजूंना ३० अंशांच्या आसपास वळवून दिसतील अशा, आणि हाताच्या टप्प्यात ठेवा. मागचं काही दाखवायचं असेल तर आवाज तिथून येऊ द्या, थ्रीडी आवाज हेडसेटमध्ये चांगला कळतो, माणूस वळतो. कॅमेरा तुम्ही वळवू नका. कधीच नाही. डोकं त्याचं आहे, तुम्ही फिरवलंत तर त्याला मळमळेल आणि तो हेडसेट काढून ठेवेल.

मजकूर डोक्याला चिकटवू नका, डोकं फिरेल तिकडे फिरणारी पाटी म्हणजे चष्म्यावर बसलेली माशी. लिहायचंच तर वस्तूशेजारी किंवा मनगटाजवळ लिहा. जास्त वेळ वाचायचं असेल तर मीटर-दोन मीटरवर, नाकासमोर अगदी जवळ ठेवलं की डोळे दुखतात, कारण हेडसेटच्या भिंगांचं फोकसचं अंतर पक्कं असतं आणि जवळच्या वस्तूसाठी डोळे आत वळले तरी फोकस तिथेच राहतो.

उंचीचंही बघा. खुर्चीत बसून खेळणाऱ्याला जमिनीवर पडलेली किल्ली उचलता येत नाही, काही वेळा खरी खुर्ची आडवी येते, काही वेळा पाठ. हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्समध्ये, २०२० मध्ये आलेला गेम, लांबची वस्तू हाताने रोखायची आणि मनगटाला झटका देऊन आपल्याकडे खेचायची अशी सोय आहे. अशी काही सोय दिलीत तर ती शिकवायलाही लागते हे मात्र विसरू नका, कारण खऱ्या जगात वस्तू उडत येत नाहीत, त्यामुळे ते कोणी करून बघणारच नाही. हात वस्तूकडे रोखला की दोघांमध्ये एक बारीक रेघ ताणली जाऊ दे, वस्तू जागेवर जराशी उचलली जाऊ दे, पुढचं तो करतो.

टेलिपोर्टचंही, म्हणजे न चालता दुसऱ्या जागी उडी घेण्याचंही, तसंच, कंट्रोलरवरची स्टिक पुढे करायची, कमान जमिनीवर टेकवायची आणि सोडायची हे कोणाच्याच अंगवळणी नसतं. पहिल्या मिनिटात शिकवू नका. आधी हातांनी दोन-तीन गोष्टी जमू द्या.

कंट्रोलर नसेल, नुसते हात असतील तर

क्वेस्टवर डिसेंबर २०१९ मध्ये हँड ट्रॅकिंग, म्हणजे कंट्रोलरशिवाय नुसते हात ओळखणं, आलं तेव्हा मला वाटलं होतं सुटलो आता, बटणंच नाहीत तर बटणं शिकवायची भानगड नाही. उलट झालं. हाताला काहीच लागत नाही, थरथराट नाही, त्यामुळे बटण दाबलं गेलं की नाही हे फक्त डोळ्याला आणि कानाला कळणार. म्हणून बटणाला जाडी द्या, बोटाबरोबर ते खरोखर आत गेलं पाहिजे, तळाला लागलं की आवाज, आणि बोटाची सावली बटणावर पडली पाहिजे, सावलीमुळे अजून किती लांब आहे ते कळतं. पिंच, म्हणजे चिमूट, का चालते याचंही कारण हेच, अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकतात तो स्पर्श तरी खरा असतो.

खुणांच्या भाषेचा, म्हणजे जेश्चरांचा, मोह टाळा. मायक्रोसॉफ्टच्या २०१६ च्या होलोलेन्स हेडसेटमध्ये मेन्यू उघडायला मिटलेली बोटं फुलासारखी उघडायची, ब्लूम म्हणायचे त्याला. दिसायला सुंदर, पण कोणी सांगितल्याशिवाय जगात कोणालाही ते सुचणार नाही. २०१९ मध्ये होलोलेन्स २ आणताना ते बदललं, हात वळवून मनगटाची आतली बाजू बघितली की तिथे चिन्ह दिसतं, दुसऱ्या हाताच्या बोटाने त्याला स्पर्श करायचा. हातवारा लक्षात ठेवायची गरज संपली, चिन्ह समोर आहे. माझा नियम यावरूनच आहे: जेश्चर ठेवायचाच असेल तर तो करायच्या आधी काहीतरी दिसलं पाहिजे. हात अर्धा तिथवर आला की चिन्ह फिकट उमटू दे, पूर्ण आला की स्पष्ट.

नजरेने निवडायचं म्हटलं की आणखी एक गोष्ट. डोळे बघायला असतात, त्यांनाच बटण केलं की जिथे बघाल ते दाबलं जातं. म्हणून अ‍ॅपल व्हिजन प्रो, २०२४ मध्ये आलेला हेडसेट, नजरेने फक्त निवडतो आणि पिंचने पक्कं करतो. बघितलेली गोष्ट उजळते त्यामुळे काय दाबता येतं हे नुसतं नजर फिरवून कळतं, डिझायनर म्हणून मला ते फार आवडलं. पण लक्षात घ्या, युजर कुठे बघतोय हे तिथे अ‍ॅपला कळतच नाही, ते उजळवणं सिस्टीम स्वतः करते, पिंच झाल्यावरच अ‍ॅपला कळतं. म्हणजे "बघतोय पण दाबत नाहीये, इशारा देऊ" असलं लॉजिक तिथे लिहायला जाऊ नका, डोकं आपटाल.

टेस्टिंगला तोंड बंद

हे सर्वात अवघड आहे. समोर माणूस हवेत चाचपडतोय, तुम्हाला माहितीये की ग्रिप दाबायची आहे, आणि जीभ वळवळते. गप्प बसा. हातांवर बसा वाटल्यास. त्याला काय दिसतंय ते बाहेरच्या स्क्रीनवर कास्ट करा, पण त्याबरोबर त्याचे खरे हातही बघा, कारण बटण दाबायच्या आधी कुठलं बोट हललं ते कास्टमध्ये दिसत नाही. तो काय म्हणाला ते कमी लिहा, काय करून बघितलं ते जास्त. लोक सौजन्याने "छान आहे" म्हणतात, हात खोटं बोलत नाहीत.

आणि सुरू करायच्या आधी, काहीही करू न देता, फक्त विचारा: इथे काय काय करता येईल असं वाटतं? या एका प्रश्नाने जेवढं कळतं तेवढं अर्ध्या तासाच्या टेस्टने कळत नाही. एकदा तर खोलीत आम्ही काही केलंच नव्हतं अशा तीन वस्तू लोक सांगत होते आणि ज्या किल्लीवर आठवडा घालवला तिचं नावही नाही.

नवखा माणूस एकदाच वापरता येतो, हेही ध्यानात ठेवा. दुसऱ्यांदा तोच आला की तो शिकलेला असतो, तो तुम्हाला खणाबद्दल काही सांगू शकत नाही. म्हणून सगळे नवखे एकाच दिवशी उधळू नका, दोन-तीन जण घ्या, दिसलं ते दुरुस्त करा, मग पुढचे. ऑफिसातले लोक तर मोजूच नका, ते सगळे बिघडलेले असतात आणि सर्वात जास्त बिघडलेले आपण.

फसलेल्या प्रयत्नांची नोंद टेस्टिंग संपल्यावरही चालू ठेवा, कुठल्या वस्तूपाशी किती वेळा हात रिकामा परत आला एवढी, माणसाची बाकी माहिती नको. इथे मात्र पकडता न येणाऱ्या वस्तूही मोजा. आमच्या त्या खोलीत ही नोंद सुरू केल्यावर खण यादीत खाली गेला, कारण तो एव्हाना खडखडायला लागला होता, आणि सर्वात वर आलं ते भिंतीवरचं घड्याळ, जे आम्ही नुसतं जागा भरायला टांगलं होतं. प्रत्येकजण ते काढून मागे काहीतरी लपवलंय का ते बघायला जात होता. दोन दिवस वाद झाला की काढून टाकावं की काय करावं, शेवटी ते भिंतीवरून निघेल असं केलं आणि किल्ली खणातून काढून त्याच्या मागे टांगली.